खाडा

"आमच्याकडे सगळं हातानं होतं." नव्या ग्राहकाकडे कोटेशन घेऊन गेलो की हे वाक्य मी हमखास टाकायचो. खानावळवाला 'मसाला आमच्याकडे घरीच कुटतात' म्हणतो, त्याच सुरात. समोरच्या मालकालाही ते आवडायचं. रात्री-अपरात्री एक माणूस येतो, सर्व्हरसमोर बसतो, अपडेट घालतो, रीस्टार्ट करतो, सगळं उठलंय ना ते बघतो आणि मगच घरी जातो. यात न आवडण्यासारखं काय आहे? हे वाक्य मी अठराएक वर्षं म्हटलं. त्यातलं खरं किती होतं, ते आज लिहायला बसलोय.

माझा धंदा फार कुणाला कळत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या वीस-बावीस लहान कंपन्यांचे संगणक आम्ही एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारावर, सांभाळतो. भोसरीत गियर कापणारं वर्कशॉप आहे, टिळक रोडला सीएंचं ऑफिस आहे, एक पतसंस्था आहे, चाकणला खोकी बनवणारे आहेत. यांच्याकडे स्वतःचा संगणकवाला माणूस नाही, तो माणूस म्हणजे आम्ही. कामात दिमाख काही नाही. अपडेट घाला, बॅकअप घ्या, डिस्कवर जागा किती उरली ते बघा, जुने लॉग काढून टाका, अँटीव्हायरस चालू आहे ना ते तपासा. आणि हेच पुन्हा पुढच्या आठवड्यात. घरातल्या केरासारखं आहे हे. रोज काढला तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि दोन दिवस राहिला तर पाहुण्यालासुद्धा दिसतो.

खरी कसरत वेळेची असते. भोसरीत गुरुवारी सुट्टी, म्हणून वर्कशॉपचं काम गुरुवारी. सीएंच्या ऑफिसात महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास सर्व्हरला हात लावायचा नाही, कारण तेव्हा जीएसटीची विवरणपत्रं जात असतात. मार्चअखेरीला तर दारातच उभं राहायचं नाही. पतसंस्थेचा दिवसअखेर हिशोब जुळला की मगच आमची पाळी, आणि तो कधी जुळेल ते पतसंस्थाच जाणे. यात भर मायक्रोसॉफ्टची. ऑक्टोबर २००३ पासून त्यांचे महिन्याचे अपडेट दर दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेतली ती सकाळ आपल्याकडे रात्रीचे साडेदहा असते, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे दुसरा मंगळवार ८ ते १४ मध्ये कधीही पडणार आणि सीएंची ११ तारीख नेमकी मध्ये ठाण मांडून बसलेली. ही सगळी पंचांगं मी डोक्यात ठेवायचो आणि ती डोक्यात आहेत याचा मला गर्व होता. कागदावर आली असती तर दुसऱ्या कुणालाही वाचता आली असती, हे तेव्हा सुचलं नाही. की सुचलं होतं?

ठरल्या वेळी काम आपोआप चालवण्याची सोय नवी नाही. युनिक्समध्ये क्रॉन १९७० च्या दशकापासून आहे आणि विंडोजमध्ये टास्क शेड्युलर आहे. मला दोन्ही येत होती. तरी मी ती ग्राहकांकडे लावत नव्हतो, आणि त्याचं कारण म्हणून एक गोष्ट सांगायचो. सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाचा सर्व्हर परदेशातल्या डेटा सेंटरमध्ये भाड्यानं घेतलेला होता. त्यावर मी रात्री दोनचं रीस्टार्ट लावलं. सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं. तिथले रात्रीचे दोन म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेसात. गाड्या भरून दारात उभ्या, चलन निघेना, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत. मालकानं फोनवर मला जे ऐकवलं ते छापण्याजोगं नाही. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत आलो, "ऑटोमॅटिकचा भरवसा नाही बाबा, एकदा हात पोळलेत." चूक माझी होती. घड्याळ न बघता आकडा मी टाकला होता आणि यंत्रानं सांगितलेलं काम मिनिटभरही न चुकता केलं होतं. मी ती चूक यंत्राच्या नावावर टाकली आणि पुढं पंधरा वर्षं तिचं व्याज खाल्लं.

भीतीच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, ती कबूल करायला जास्त जड जाते. रात्रीच्या फेऱ्या मला आवडायच्या. बाराला स्कूटर काढताना घरातले कौतुकानं बघायचे. वॉचमन सलाम करायचा. दुसऱ्या दिवशी मालक म्हणायचा, "काल दोनपर्यंत होता म्हणे तुम्ही!" हेच काम रात्री दोनला आपोआप झालं असतं तर हे मला कोण म्हणणार होतं?

२०१७ मध्ये आमच्याकडे एक मुलगी कामाला लागली. (नाव लिहू नका, असं तिनंच बजावलंय.) तिसऱ्याच आठवड्यात तिनं एक तक्ता करून आणला. कुठल्या ग्राहकाकडे काय काम, कुठल्या वारी, किती वाजता, आणि प्रत्येक मशीनवर देखरेखीचा एक छोटा प्रोग्रॅम बसवला तर यातलं किती आपोआप होईल. तक्ता चांगला होता, म्हणूनच मला तो खुपला. मी म्हणालो, "आधी चार रात्री सर्व्हरशेजारी बस, मग मला शेड्यूल शिकव." ती "बरं सर" म्हणाली आणि खरंच बसली, चार नाही, चाळीस रात्री. मी तिला शिकवत नव्हतो, तिला माझ्यासारखं दमवत होतो.

त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय आलं. शुक्रवार, १२ मे. जगभर मशीनं कुलूपबंद होऊन पैसे मागायला लागली. ज्या फटीतून ते शिरत होतं ती बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी, येऊन पडलेला होता. आम्ही शनिवार-रविवार पेन ड्राइव्ह घेऊन वणवण फिरलो. आमच्या कुणाला काही झालं नाही, आणि ते मी पुढं वर्षभर मिरवलं. मिरवताना एक गोष्ट गाळली. त्या दोन दिवसांत अकरा मशीनं अशी निघाली की ज्यांच्यावर मार्चचा अपडेट नव्हता. माझ्या वहीत मात्र त्या अकराही मशीनांसमोर मार्चची टिक होती. मी ते बघितलं, मनाशी म्हणालो, 'अपडेट अर्धवट बसला असेल', आणि पान उलटलं.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. दोनशे पानी लाँगबुक, खाकी पुठ्ठ्याची. प्रत्येक ग्राहकाला काही पानं, डावीकडे तारखा, वर कामांची नावं आणि चौकटीत टिका. वही बघून लोक खूश व्हायचे. मीही व्हायचो.

सोमवार, २७ ऑगस्ट २०१८. भोसरीच्या वर्कशॉपमधल्या सर्व्हरची डिस्क गेली. टॅलीचा डेटा गेला, ड्रॉइंगं गेली. मी शांत होतो, कारण दर गुरुवारी संध्याकाळी मी स्वतः जाऊन सगळं पोर्टेबल डिस्कवर उतरवून घ्यायचो. एक काळी डिस्क आणि एक निळी, आलटून पालटून. दोन्ही घेऊन गेलो. काळीवर शेवटचा फोल्डर २ ऑगस्टचा. निळीवर २६ जुलैचा. वहीत टिका होत्या ९, १६ आणि २३ ऑगस्टच्याही.

मालक शेजारी उभे होते. माझ्या तोंडातून सहज निघून गेलं, "कॉपी नीट उतरलेली दिसत नाही. डिस्क खराब असणार." खोटं बोलतोय असं मला वाटत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. माझ्या डोळ्यांसमोर ते तिन्ही गुरुवार स्वच्छ होते. रिकामं वर्कशॉप, कूलंटचा वास, केबिनमधला पिवळा दिवा, पडद्यावर हळूहळू सरकणारी हिरवी पट्टी. मी तिथं होतो.

अकाउंट बघणाऱ्या बाई तिथं वीस वर्षं होत्या. त्यांना मी ताई म्हणायचो, वयानं थोड्याच मोठ्या. त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. उलट मला मदत करायला निघाल्या. म्हणाल्या, "एखादी तिसरी डिस्क आणली असाल हो गडबडीत. गेटच्या वहीत सामान आत-बाहेर लिहिलेलं असतं, त्यात कळेल." आणि खाली जाऊन वॉचमनची वही घेऊन आल्या.

ती वही मला अजून दिसते. चहाचे गोल डाग, कडा ओलसर, बॉलपेन दाबून लिहिलेलं वळणदार पण अवघडलेलं अक्षर. तारीख, नाव, गाडीचा नंबर, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, सामान, सही. २ ऑगस्टला माझं नाव होतं, '१ डिस्क काळी' असंसुद्धा लिहिलेलं. ताईंनी बोटाला रबराची टोपी घालून पान उलटलं. ९ ऑगस्ट. पूर्ण पानावर आडवी रेघ आणि त्यावर दोन शब्द, 'महाराष्ट्र बंद'.

मराठा आरक्षणाचा बंद. सगळं पुणे बंद होतं त्या दिवशी. मी घराच्या बाहेरही पडलो नव्हतो. कुणी विचारलं असतं तर बंदच्या दिवशी काय केलंस ते मी तपशीलवार सांगितलं असतं. तरीही माझ्या वहीत त्या तारखेसमोर टिक होती, आणि शेजारी वेळ, सहा तीस.

१६ ऑगस्ट. पाण्याच्या टँकरची नोंद, कुरिअरवाल्याची नोंद. माझं नाव नाही. त्या संध्याकाळी अटलजी गेल्याची बातमी आली आणि आम्ही सगळे रात्रीपर्यंत टीव्हीसमोर होतो, हे आता आठवलं. २३ ऑगस्ट. नाव नाही. त्या दिवशी मी कुठं होतो ते आजतागायत आठवत नाही.

ताईंनी वही मिटली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "असू दे. बिलं आहेत तारेला." टेबलामागच्या भिंतीला वाकवलेल्या तारेत महिनाभराची बिलं ओवलेली होती, ती त्यांनी काढायला घेतली.

मी माझी वही घेऊन पार्किंगमध्ये गेलो आणि स्कूटरवर बसून ती पहिल्यांदा दुसऱ्याची असल्यासारखी वाचली. मग दिसायला लागलं. ९, १६ आणि २३ च्या टिका एकाच पेनानं, एकाच उतारानं, एकाच दमात मारलेल्या. मागं गेलो. जूनमध्ये तसंच, आणि मार्चमध्येही. कुठं चार टिका एका शाईच्या, कुठं पाच. महिन्याच्या शेवटी बिल करायच्या आधी मी वही 'पूर्ण' करायचो. गेलो असेनच, असं गृहीत धरायचो, कारण मी जाणारा माणूस होतो. टिक मारली की ती आठवण होऊन बसायची. हिरवी पट्टी मी खरोखर पाहिली होती, फक्त दुसऱ्या कुठल्यातरी गुरुवारी.

लबाड माणसाला निदान आपण लबाडी करतोय हे माहीत असतं. मला तेवढंही माहीत नव्हतं.

ताईंनी पंचवीस दिवसांच्या नोंदी पुन्हा घातल्या. रोज संध्याकाळी सातपर्यंत थांबून, अकरा दिवस. मी दोन दिवस शेजारी बसून बिलं वाचून दाखवली, तेवढंच. मालकांना खरं सांगितलं आठ दिवसांनी, आणि तेही अर्धंच. 'दोन गुरुवार चुकले' म्हणालो, तीन म्हणालो नाही. करार त्यांनी मोडला नाही. ताईंनी तोंड उघडलं असतं तर कदाचित मोडला असता.

ऑफिसला आल्यावर मी त्या मुलीला म्हणालो, "तो तक्ता आहे का अजून?" तिनं 'मी सांगत होते' असं काही म्हटलं नाही. तक्ता काढून दिला. वर्षभरात तिनं त्यात चाळीस रात्रींचे अनुभव भरले होते.

मन बदललं म्हणजे लगेच विश्वास बसला असं नाही. पहिले दोन महिने मी रात्री दोनचा गजर लावून उठायचो आणि घरून बघत बसायचो, शेड्यूल चालतंय का. बायको म्हणाली, "मग आपोआप काय झालं त्यात?" चुकाही माझ्याच निघत होत्या. एका लिनक्स सर्व्हरला दर दुसऱ्या मंगळवारी रात्री दोनला रीस्टार्ट करायचं होतं. मी क्रॉनमध्ये तारखेच्या जागी ८-१४ लिहिलं आणि वाराच्या जागी मंगळवार. सरळ वाटतं ना? पण तारीख आणि वार दोन्ही दिले की क्रॉन 'आणि' समजत नाही, 'किंवा' समजतं. ८ ते १४ रोज आणि शिवाय प्रत्येक मंगळवारी सर्व्हर बंद-चालू झाला असता. तिनं ते लावण्याआधीच पकडलं. विंडोजची खोड वेगळी. तिथं नवीन काम लावलं की 'वीज चालू असेल तरच सुरू कर' ही चौकट आधीच टिक केलेली असते. यूपीएसची केबल मशीनला जोडलेली असली तर वीज गेल्यावर ते मशीन स्वतःला बॅटरीवरचं समजतं आणि काम सुरूच करत नाही. चाकणला हे दोनदा झालं. ती टिक मी मारलेली नव्हती, पण मी वाचलीही नव्हती.

सगळ्यात वाईट चूक मात्र मी शहाणपणानं केली. रोबोकॉपी नावाची विंडोजची कॉपीची आज्ञा आहे. फाइली नीट कॉपी झाल्या की ती शून्य देत नाही, एक देते. टास्क शेड्युलरच्या यादीत तो एक चुकीसारखा दिसतो. रोज सकाळी ते बघून मला वैताग यायचा, म्हणून मी स्क्रिप्टच्या शेवटी एक ओळ टाकली, काही झालं तरी शून्य सांग. यादी स्वच्छ झाली. पुढं एका ऑफिसात बॅकअपच्या डिस्कचा पासवर्ड कुणीतरी बदलला, कॉपी व्हायची थांबली आणि नऊ दिवस यादी सांगत राहिली, सगळं ठीक आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅकअप परत उतरवून बघायचा नियम तिनं लावला होता, म्हणून कळलं. मी स्क्रिप्ट उघडली आणि ती शेवटची ओळ बघून अंगावर काटा आला. खाकी वहीत महिनाअखेरीला टिका मारणारा हात तोच होता.

ओळ काढली, पण प्रश्न सुटला नाही. रोज सकाळी 'बॅकअप झाला'च्या वीस मेल यायच्या. एखाद्या दिवशी एकोणीस आल्या तर कुणाच्या लक्षात येणार? न आलेली मेल दिसत नाही.

उत्तर स्वयंपाकघरात टांगलेलं होतं. गॅस सिलिंडर कधी लावला ते बघायला मी आईचं कालनिर्णय उलटत होतो. आईचा दुधाचा रतीब गेली चाळीस वर्षं. महिन्याच्या पानावर तीन-चार तारखांवर बारीक फुल्या, बाकी तारखा कोऱ्या. विचारलं तर म्हणाली, "खाडे आहेत ते. दूध आलं ते कोण लिहीत बसतं? नाही आलं ते लिहायचं." आणि परत भाजी निवडायला लागली.

मी त्या मुलीला फोन लावला. आता प्रत्येक ग्राहकाकडचं प्रत्येक काम संपलं की आमच्याकडे हजेरी लावतं, आणि सकाळी सातला फक्त ज्यांची हजेरी लागली नाही त्यांची यादी येते. पडद्यावर त्या रकान्याला तिनं नाव दिलंय 'खाडे'. बहुतेक दिवशी तो रिकामा असतो. तिला आता सगळ्या ग्राहकांची पंचांगं माहीत आहेत. ती कागदावर आहेत, कुणालाही माहीत होऊ शकतात.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं आडवी झाली, तेव्हा एका जुन्या धंदेबंधूचा फोन आला. "बघितलंस तुझं ऑटोमॅटिक?" क्षणभर मला जुनं समाधान झालं, खोटं कशाला बोलू. तो अपडेट कुठल्याही ग्राहकाचं वेळापत्रक विचारून आला नव्हता, एका झपाट्यात सगळीकडे गेला. आम्ही मंगळवारचे अपडेट आधी आमच्याच ऑफिसातल्या मशीनांवर घालतो, मग दोन ग्राहकांकडे आणि आठवडाभरानं बाकीच्यांकडे. हे मी त्याला सांगायला लागलो, पण त्यानं फोन ठेवला होता.

भोसरीला मी अजून जातो, महिन्यातून एका गुरुवारी, बॅकअप परत उतरवून बघायला. ते काम मी कुणाला दिलेलं नाही. ताई निवृत्त झाल्या. वॉचमन तोच आहे. परवा गेलो तेव्हा त्यानं वही पुढं केली. मी नाव लिहिलं, गाडीचा नंबर लिहिला, वेळ लिहिली, सहा चाळीस. त्यानं मागं वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पंचेचाळीस झालेत साहेब."

मी चाळीस खोडून पंचेचाळीस केले आणि शेजारी सही केली.